मराठी वाचताना डोळा कुठे थांबतो: घरच्या घरी मोजमापाच्या नोंदी

३ मार्च

काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच भरकटलो तर परत येता येईल. मराठी मजकूर वाचताना डोळा किती वेळ थांबतो, कमी वापरातल्या शब्दावर किती जास्त रेंगाळतो आणि पुढच्या शब्दाचा किती भाग त्याला आधीच कळतो, हे प्रयोगशाळेतल्या यंत्राशिवाय मोजायचं. हाताशी आहे एक लॅपटॉप, त्याचा वेबकॅम, सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा फोन आणि कामापुरतं जावास्क्रिप्ट.

तुलनेला इंग्रजी वाचनाचे आकडे समोर ठेवलेत. वाचताना डोळा सलग सरकत नाही, थांबत आणि उड्या मारत पुढे जातो. एक थांबा साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांचा, एक उडी २० ते ३५ मिलिसेकंदांची, उडीची लांबी सात ते नऊ अक्षरं. दहा-पंधरा टक्के उड्या उलट्या, म्हणजे मागच्या मजकुराकडे. शब्द ओळखण्याचं काम थांब्यावर होतं. उडी चालू असताना नवीन असं काहीच डोळ्यात शिरत नाही. खाली सगळीकडे ‘थांबा’ आणि ‘उडी’ हेच शब्द वापरतोय.

४ मार्च

कोडला हात लावायच्या आधी भोकाची पद्धत करून पाहिली. छापील पानाच्या मध्यावर दोन ओळींच्या मधे पेन्सिल जाईल एवढं भोक पाडायचं, वाचणाऱ्याने पान समोर धरायचं आणि आपण मागून त्या भोकाला डोळा लावायचा. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी १९२८ मध्ये ही पद्धत मांडली होती. त्याआधी एडमंड ह्यूई यांनी बुबुळावर प्लास्टरची छोटी वाटी बसवून तिला जोडलेल्या काडीने काजळी धरलेल्या कागदावर रेघा काढून घेतल्या होत्या. त्या मानाने भोक फारच सभ्य.

धाकटी बहीण वाचायला बसली. दोन ओळी झाल्या आणि म्हणाली, “दादा, तू असा टक लावून बसलास तर मला अर्थ लागेल का?” बरोबर होतं तिचं. पण उड्या लख्ख दिसल्या: टक, टक, टक, मग डावीकडे एक लांब झेप. मोजायला मात्र जमत नाही. सेकंदात चार थांबे होतात. तोंडाने आकडे म्हणेपर्यंत ओळ संपते. मोजण्याऐवजी दर उडीला पेन्सिलचा ठिपका मारत जायचं आणि ठिपके मागाहून मोजायचे, हे जमलं.

एक गोष्ट सगळ्यांनी करून बघा. कोऱ्या कागदावरच्या एका आडव्या रेघेवरून ‘नजर सावकाश सरकवत ने’ असं सांगा. वाचणाऱ्याला वाटतं आपण छान सरकवली. भोकातून दिसतात त्या उड्याच. मग त्याच रेघेवरून स्वतःचं बोट फिरवा आणि बोटाकडे बघायला सांगा. आता डोळा खरोखर सरकतो. त्याला सरकायला काहीतरी हलतं लागतं.

७ मार्च

वेबकॅम. ब्राउझरमध्ये चालणारी, नजर कुठे आहे याचा अंदाज देणारी एक खुली लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडली. नऊ बिंदूंवर कॅलिब्रेशन केलं (म्हणजे ठरलेल्या बिंदूंकडे बघून प्रोग्रामला माझ्या नजरेची ओळख करून दिली), पडद्यावर लाल ठिपका नजरेमागे फिरायला लागला. पाच मिनिटं फार भारी वाटलं.

मग एका शब्दाकडे बघत राहिलो. ठिपका डावीकडे दोन शब्द, उजवीकडे दोन शब्द, वरच्या ओळीत, परत खाली. हिशोब केल्यावर कळलं की हे असंच होणार. डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे पडद्यावर जेमतेम एक सेंटिमीटर. तीक्ष्ण दिसणारा डोळ्याचा मधला भाग जवळपास दोन अंशांचा, म्हणजे माझ्या टंकात (फॉन्टमध्ये) चार अक्षरांचा एक मध्यम शब्द. ठिपक्याची चूक त्याच्या दुपटीहून मोठी. शब्द ओळखायचा तर हे काही कामाचं नाही.

दुसरी अडचण वेळेची. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. आख्खी उडी दोन फ्रेमच्या फटीत पडून जाते. थांबा सहा-सात फ्रेम पकडतो, तेवढं ठीक.

११ मार्च

वेबकॅममागे घालवलेले दिवस इथे थोडक्यात, कारण दुसऱ्याने ते परत घालवू नयेत.

खोलीत उजेड कमी असला की कॅमेरा आपणहून फ्रेम कमी करतो. ३० म्हणून मोजत होतो, प्रत्यक्षात १५ येत होत्या. प्रत्येक फ्रेमची खरी वेळ नोंदवा, फ्रेमची संख्या गुणिले ३३ असा हिशोब करू नका.

डोकं एक सेंटिमीटर सरकलं की अंदाज साधारण तेवढाच सरकतो. हनुवटी जाड पुस्तकांच्या थप्पीवर घडी केलेल्या टॉवेलवर टेकवली. सुधारणा लगेच दिसली. पण हनुवटी टेकवून मोठ्याने वाचता येत नाही, जबडा हलला की डोकं वर जातं. मूकवाचनच.

चष्म्याच्या काचेत पडद्याचं प्रतिबिंब येतं आणि बुबुळ हरवतं. पडदा थोडा मागे झुकवल्यावर काहींचं सुटलं, काहींचं नाही. नजर खाली गेली की पापणी अर्ध्या बुबुळावर उतरते, म्हणून मजकूर पडद्याच्या वरच्या तिसऱ्या भागातच ठेवा. पापणी मिटली की प्रोग्रामला वाटतं नजर झपकन खाली गेली. त्या फ्रेम आधी गाळा, मग सरासरी.

इतकं करूनही कुठला शब्द ते सांगता येत नाही. कॅमेऱ्याकडून जागा मागणं इथे बंद करतोय. त्याच्याकडून फक्त वेळ घ्यायची, जागेचं काहीतरी वेगळं बघू.

१४ मार्च

फोन. २४० फ्रेमचा एकेक फ्रेम सव्वाचार मिलिसेकंदांहूनही किंचित लहान, म्हणजे ३० मिलिसेकंदांची उडी सात फ्रेमभर दिसते. फोन लॅपटॉपच्या खाली, एकाच डोळ्यावर रोखून.

पहिल्या चित्रीकरणात सगळ्या व्हिडिओभर काळे पट्टे धावत होते. दिव्याचा उजेड घरातल्या विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतो. एरवी दिसत नाही, २४० फ्रेममध्ये दिसतो. दिवा बंद करून खिडकीशी बसलो आणि पट्टे गेले.

डोळा हलला की डोकं, हे वेगळं करायला नाकाच्या दांडीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाचा ठिपका काढला. ठिपका आणि बुबुळाची कड यांच्यातलं अंतर बदललं तरच डोळा हलला असं धरायचं.

दहा सेकंदांच्या वाचनाचे २४०० फ्रेम होतात. आधी दर फ्रेमला बुबुळाची जागा टिपत बसलो, आख्खी संध्याकाळ गेली. त्याची गरज नाही. उडी सुरू झाली तो फ्रेम आणि संपली तो फ्रेम, एवढे दोनच आकडे टिपा. दोन उड्यांमधलं अंतर म्हणजे थांबा.

आणि इथे पहिल्यांदा समाधान वाटलं. थांबे बहुतेक २०० ते ३०० मिलिसेकंदांच्या घरात, उड्या चार ते नऊ फ्रेमच्या. ओळ बदलतानाची मोठी झेप बऱ्याचदा थोडी आखूड पडते आणि लगेच डावीकडे एक छोटी दुरुस्तीची उडी येते. त्या दोहोंमधला थांबा अगदी तुटपुंजा असतो. तो सरासरीत धरला तर आकडा खाली येतो. वेगळा काढा.

१८ मार्च

आता जागेचा प्रश्न. १९७५ मध्ये वाचनाचे अभ्यासक मॅकॉन्की आणि रेनर यांनी सरकती खिडकी वापरली: नजरेच्या आसपासचा मजकूर खरा, बाकी सगळ्या अक्षरांच्या जागी एक्स. खिडकी किती लहान केली की वाचन मंदावतं हे बघायचं. इंग्रजीत उपयोगी टापू नजरेच्या डावीकडे तीन-चार अक्षरं आणि उजवीकडे चौदा-पंधरा असा निघाला. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे तो उलटा, डावीकडे जास्त. म्हणजे टापूचा कल डोळ्याने ठरत नाही, वाचायच्या दिशेने ठरतो.

माझ्याकडे नजरेची जागा नाही, म्हणून खिडकी स्पेसबारवर बांधली. कळ दाबली की पुढचा शब्द उघडतो, मागचा झाकला जातो, दोन दाबांमधला वेळ त्या शब्दाच्या नावावर. जस्ट, कार्पेंटर आणि वूली यांनी १९८२ मध्ये हे नजरेच्या मोजमापाशी ताडून पाहिलं आहे. कळीने वाचणं डोळ्याने वाचण्यापेक्षा संथ चालतं, हे मान्य करूनच पुढे जायचं. खिडकी माऊसमागे सरकवूनही पाहिली. हात इतका थरथरतो की सोडून दिली.

१९ ते २४ मार्च

झाकण. सगळ्यात जास्त वेळ यात गेला, तेव्हा सविस्तर.

इंग्रजीची कृती सोपी: अक्षर काढा, एक्स टाका. मराठीत तेच केलं, दर युनिकोड चिन्हाच्या (संगणक मजकूर ज्या चिन्हांत साठवतो त्यांतल्या एकेकाच्या) जागी एक ‘क’. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर, पण साठवलेलं असतं सहा चिन्हांत: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. झाकल्यावर झालं ‘कककककक’. शब्द उघडला की आकसतो आणि त्याच्या उजवीकडची आख्खी ओळ डावीकडे धावते. वाचणाऱ्याचा डोळा त्या धावण्याकडेच जातो. प्रयोग तिथेच संपला.

मग दर अक्षराला एक ‘क’. त्यासाठी शब्दाचे अक्षरांत तुकडे पाडायला हवेत. ब्राउझरमध्ये ती सोय आहे, पण जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत आला. जुन्या ब्राउझरवर ‘क्ष’ चे ‘क्’ आणि ‘ष’ असे दोन तुकडे पडतात. स्वतःचा नियम लिहिला: व्यंजन, त्यापुढे हलन्त आणि व्यंजन अशा कितीही जोड्या, मग मात्रा, मग अनुस्वार किंवा विसर्ग. चाचणीचे शब्द ‘विद्यार्थ्यांच्या’ आणि ‘दऱ्या’. पहिला नीट सुटला. दुसऱ्यावर नियम आपटला, कारण ‘ऱ’ चं चिन्ह ‘र’ पासून वेगळं आहे आणि माझ्या व्यंजनांच्या यादीत ते नव्हतं. काही जण हाच ऱ्य ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा टंकतात. यादीत दोन्ही घ्या, नाहीतर ‘सुऱ्या’, ‘कोपऱ्यात’ असे रोजचे शब्द फुटतील.

अक्षरं सुटली तरी रुंदीचं काय? ‘क’ इतकाच रुंद ‘र’ नसतो, ‘द्ध’ नसतो, ‘ण’ नसतो. परत ओळ हलते.

तिसरा उपाय: दर अक्षर स्वतंत्र चौकटीत, चौकटीची रुंदी खऱ्या अक्षराची. ओळ हलायची थांबली, पण शिरोरेषेत केसाएवढ्या फटी पडल्या. नव्वद टक्के झूमवर दिसतात, शंभरवर नाही, सव्वाशेवर परत दिसतात. एका वाचकाने विचारलंच, “हे मधे मधे कापलंय का?” वाचताना तो शिरोरेषा बघत बसला असेल, तर त्याचे आकडे घेऊन मी काय करू?

शेवटी जे टिकलं ते असं. आख्खी ओळ कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या पाटीवर) एकदाच, अखंड काढायची, म्हणजे शिरोरेषा तुटायचा प्रश्नच येत नाही. अक्षरांच्या सीमा मोजायच्या त्या ओळीच्या सुरुवातीपासून त्या अक्षरापर्यंतचा मजकूर घेऊन त्याची रुंदी मोजून. सुटं अक्षर मोजू नका, शेजाऱ्याच्या संगतीत त्याची रुंदी बदलू शकते. मग झाकायच्या भागावर पार्श्वभूमीच्या रंगाचा आयत आणि त्यावर तिरप्या रेघा. आयत सुरुवातीला शिरोरेषेच्या खालून ठेवला होता, पण मग वरून रफार, वेलांट्या आणि अनुस्वार डोकावतात, आणि तेवढ्यावरून सराईत वाचक शब्द ओळखतो. आयत पूर्ण उंचीचा घ्या, उकारांसाठी खालीही वाढवा, आणि त्यावर शिरोरेषा वेगळी आखा. शब्दाची लांबी आणि शब्दांमधली जागा दिसलीच पाहिजे. पुढची उडी कुठे टाकायची ते डोळा त्यावरूनच ठरवतो.

यातही एक दिवस पाण्यात गेला. पहिल्या वाक्यापुरतीच झाकणं उजवीकडे सरकलेली, दुसऱ्या वाक्यापासून ठीक. पान ताजं करा, पुन्हा तेच. मोजणी चालू असताना टंक पूर्ण उतरलेला नव्हता. रुंदी मोजली गेली ती पर्यायी टंकाची आणि मजकूर उमटला खऱ्या टंकात. टंक तयार झाल्याची खात्री करून मगच मोजा.

२७ मार्च

वाक्यं. वारंवार भेटणारा शब्द आणि क्वचित भेटणारा शब्द एकाच साच्यात बसवायचे, म्हणजे बाकी सगळं सारखं राहतं. ‘मी तो दिवस विसरलो नाही’ आणि ‘मी तो निकष विसरलो नाही’. दोन्ही तीन अक्षरी, दोन्ही पुल्लिंगी, दोन्हींच्या सुरुवातीला ऱ्हस्व वेलांटी. अशा जोड्या जमवणं कोडपेक्षा अवघड निघालं. लिंग जुळलं की अक्षरं जुळत नाहीत, अक्षरं जुळली की एक शब्द वाक्यात विचित्र वाटतो.

मोजायचा शब्द ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी नको. वाक्याच्या शेवटी सगळेच जरा थबकतात. एका वाचकाला जोडीतलं एकच वाक्य, दुसरं दुसऱ्याला. दर काही वाक्यांनंतर एक साधा हो-नाही प्रश्न. प्रश्न नसेल तर लोक तालात कळ दाबत सुटतात; आकडे बघितले तर सगळे शब्द एकसारखे.

३१ मार्च

पहिल्या फेरीत एका वाचकाचे काही शब्द तीस-तीस मिलिसेकंदांत ‘वाचून’ झालेले. कळ दाबून धरली की कीबोर्ड तीच कळ परत परत पाठवतो. पुनरावृत्तीचा संकेत तपासून तो गाळला.

दुसरी फेरी स्वच्छ आली. ‘निकष’ गटाला वेळ जास्त लागला, अपेक्षेप्रमाणे. पण फरकाचा मोठा वाटा त्या शब्दावर नव्हता, पुढच्या ‘विसरलो’ वर होता! बोट पुढे जातं आणि डोकं अजून मागच्या शब्दावर असतं. कळीच्या पद्धतीत हे नेहमीचंच आहे, म्हणून जोडीतल्या दोन्ही वाक्यांत पुढचा शब्द अगदी तोच ठेवणं भागच. आमच्या काही जोड्यांत तसं नव्हतं, त्या बाद.

५ एप्रिल

पुढच्या शब्दाची झलक. तीन प्रकार लावले: फक्त चालू शब्द, चालू शब्द आणि पुढचा पूर्ण, चालू शब्द आणि पुढच्याचं पहिलं अक्षर. इतका खटाटोप करून बसवलेलं अक्षरागणिक झाकण या तिसऱ्या प्रकारासाठीच होतं.

दुसरा प्रकार लगेच कोसळला. लोक दिसणारे दोन्ही शब्द वाचतात आणि मग टकटक दोनदा कळ दाबतात. एका शब्दाला लांबच लांब वेळ, दुसऱ्याला जवळजवळ शून्य. तिसऱ्यात वाचकांना पुढचं अक्षर कोड्यासारखं वाटायला लागलं. “नि... म्हणजे निवड? निर्णय?” असं एकीने मोठ्यानेच म्हटलं. खऱ्या वाचनात डोळ्याच्या कडेला दिसणारं अक्षर असं कुणी विचारात घेत नाही, ते नकळत वापरलं जातं. इथे मात्र नजर थेट त्याच्यावर नेता येते, मग ती झलक कसली? हा प्रश्न नजरेचं नेमकं यंत्र असलेल्यांसाठी सोडतोय. कोड ठेवलाय, त्यांना झाकण आयतं मिळेल.

९ एप्रिल

कॅमेरा परत बाहेर काढला, आणि या वेळी कारण पटणारं आहे.

दोन वाक्यांत फरक एकाच शब्दाचा असेल, तर डोळा नेमका कुठे आहे हे कळायची गरजच नाही. आख्ख्या ओळीला लागलेला वेळ आणि ओळीवरचे थांबे मोजा. जो फरक उरेल तो त्या शब्दाचा, आणि त्याच्यामुळे मागे-पुढे झालेल्या उड्यांचाही. ओळीची सुरुवात आणि शेवट ओळखायला डावीकडची लांब झेप पुरेशी आहे, आणि ती झेप वेबकॅमलासुद्धा दिसते. एक फ्रेम इकडे-तिकडे झाली तरी ३३ मिलिसेकंद, अख्ख्या ओळीच्या वेळात ते खपून जातं. थांबे मोजायचे तर फोनच हवा.

मांडणी अशी: एका पानावर सहा ओळी, दर ओळीत एक पूर्ण वाक्य, ओळींमध्ये भरपूर अंतर. पहिली आणि सहावी ओळ भरतीची, मोजायची नाही. झाकण नाही, कळ नाही, नेहमीसारखं वाचन.

१३ एप्रिल

चार वाचकांचं चित्रीकरण झालं. एकाचं टाकून द्यावं लागलं, पापण्या इतक्या खाली येतात की झेपेची वेळ ठरवता येईना. उरलेल्यांत कल कळीच्या आकड्यांसारखाच: अनोळखी शब्दाच्या ओळीला जास्त वेळ, आणि तो बहुधा एक जादा थांबा आणि एक मागची उडी या रूपात. एकाच वाचकाच्या दोन ओळींतला फरक मात्र कधी कधी शब्दाच्या फरकाहून मोठा असतो, म्हणून इतक्या थोड्या लोकांवरून आकडा छापत नाही.

पुढच्या फेरीसाठी हे बदल आधीच करून ठेवलेत: नाकावरचा ठिपका काळ्याऐवजी निळा, कारण भुवयांच्या सावलीत काळा हरवतो; दर पानाच्या आधी पडद्याच्या चार कोपऱ्यांकडे बघायला लावणं, म्हणजे व्हिडिओत पान कुठे सुरू झालं ते शोधावं लागत नाही; आणि फाइलच्या नावात वाचकाचा क्रमांक, यादी अ की ब, आणि पानाचा क्रमांक. ‘दिवस’ ची यादी कोणी वाचली आणि ‘निकष’ ची कोणी, हे व्हिडिओतल्या डोळ्याकडे बघून ओळखता येत नाही.